करंड्याचं पोट

सावंतवाडीची लाकडी कामं म्हटली की माणसांना आधी फळं आठवतात. आंबा, केळं, सीताफळ, काजूचं बोंड, फणसाची फोड. चितार आळीतल्या दुकानांत ती टोपलीत मांडलेली असतात आणि पाहुणा वास घेतल्यासारखं करून म्हणतो, अगदी खरं वाटतं हो. वाटतंच. रंगवणाऱ्याचा हात मोठा आहे त्यात. पण फळ भरीव असतं. बाहेरून घडवलं, घासलं, रंगवलं की झालं. आतलं लाकूड जसं झाडात होतं तसंच राहतं, त्याला कोणी विचारत नाही.

मी लिहितोय ते पोकळ कामाबद्दल. डबी, करंडा, मिठाची कुपी, भातुकलीतला हंडा, एकात एक बसणारे गडू. ज्याला पोट आहे असं लाकूड. हे काम ज्यांना येत होतं त्यांतल्या बहुतेकांना लिहिणं येत नव्हतं, आणि ज्यांनी या धंद्यावर लिहिलं त्यांनी रंगावर लिहिलं. मी दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी, पण माझे सात-आठ हिवाळे कातकामात गेले, म्हणून हा उद्योग.

इतिहास थोडक्यात सांगतो. सावंतवाडी हे भोसल्यांचं संस्थान. तिसरे खेमसावंत १७५५ ते १८०३ या काळात गादीवर होते. लाखकाम आणि गंजिफा यांना त्यांच्या वेळेपासून आश्रय मिळाला असं आमच्याकडे सांगतात. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची दहा घराणी, प्रत्येकात बारा पानं, अशी १२० पानं असतात. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि आश्रय आटला. पुढे सत्तरच्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यात चितारी कारागीर बसवून या कामाला पुन्हा उभं केलं. हे सगळं पर्यटकाला राजवाड्यात कळतंच, मी त्यात काही भर घालू शकत नाही.

पण राजवाडा वेगळा आणि जत्रा वेगळी. सोनुर्लीच्या माउलीची जत्रा, त्रिपुरी पौर्णिमेनंतरची, तिथे गंजिफा कोण विकत घेणार? तिथे खपायचे ते भोवरे, पाळण्यावरचे पोपट, पोळपाट-लाटणी आणि करंडे. करंडा म्हणजे कुंकवाचा. नव्या पोरींना सांगावं लागेल, पूर्वी कुंकू सुकं असायचं, पूड. आधी कपाळावर मेणाचं बोट टेकवायचं, त्यावर कुंकू. म्हणून चांगल्या करंड्याला दोन खण असत. वरच्या उथळ खणात मेण, खालच्या खोल खणात कुंकू, वर घुमटासारखं झाकण. लग्नात मुलीला फणी-करंडा दिल्याशिवाय पाठवत नसत. गरीब घरात सोन्याचा मणी नसेल, पण लाकडाचा करंडा असायचाच. दर लग्नामागे एक तरी करंडा, म्हणजे गिऱ्हाईक किती होतं ते बघा.

हा करंडा कातायला ज्यांच्याकडे मी शिकलो त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांच्या घरच्यांना ते आवडणार नाही. आमचा गाव सावंतवाडीपासून चार कोसांवर, आणि आम्ही त्यांना मेस्त्रीकाकाच म्हणायचो. १९७६ साली माझी दहावी झाली. पुढे शिकायला घरात पैसा नव्हता आणि भाताची शेती दिवाळीपर्यंतच माणसाला गुंतवते. मग शिमग्यापर्यंत काय करायचं? वडील म्हणाले, मेस्त्र्याकडे जा, चार कामं हाताखाली येतील.

मेस्त्रीकाकांची खोप घराच्या पाठीमागे, माडाच्या झावळांनी शाकारलेली. जमिनीत पुरलेले दोन खांब, त्यांच्यातून आडवा जाणारा दांडा, दांड्याच्या बाहेरच्या टोकाला वाटीसारखी लोखंडी खोबण. पुस्तकी मराठीत कातणाऱ्याला कातारी म्हणतात, आमच्याकडे नुसतं मेस्त्री. दांड्याला दोर तीन वेढे घातलेला. दोराची दोन्ही टोकं समोर बसलेल्या माणसाच्या दोन हातांत. उजवा हात ओढला की दांडा एकीकडे फिरतो, डावा ओढला की उलटा. कातणारा खाली बसकण मारून हत्यार धरतो आणि पायाच्या अंगठ्याने ते टेकूवर दाबून ठेवतो. लाकूड आपल्या दिशेने खाली येताना हत्यार लावायचं, उलटं फिरताना केसभर मागे घ्यायचं. लावा, घ्या, लावा, घ्या. दिवसभर.

समोर दोर ओढायला काकी. मेस्त्रीकाकांची बायको. लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे मी गेलो तेव्हा तीसेक वर्षं, ती त्या पाटावर बसत होती. सकाळी भाकऱ्या, गुरं, पाणी, मग दोर, दुपारी पेज, पुन्हा दोर.

आता लाकडाचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपण केरसुणीसाठी माडाचे हीर काढतो. शंभरेक हिरांची जुडी घट्ट बांधून उभी धरा. झाड म्हणजे ती जुडी आहे. बाजूने सुरी घासली तर हीर सोलल्यासारखे गुळगुळीत निघतात. लाटणं कातताना हेच होतं, म्हणून लाटणं कोणालाही जमतं. पण करंड्याला पोट करायचं म्हणजे जुडीच्या डोक्यावरून आत शिरायचं. ओंडका करवतीने आडवा कापला की जो गोल चेहरा दिसतो, तिथून. तिथे प्रत्येक हिराचं टोक तुमच्याकडे बघत असतं आणि हत्यार आडवं गेलं की ते टोक कापून घेण्याऐवजी वाकतं, मागे सरतं, मुळातून उपटतं. आत बोट फिरवलं तर मांजराच्या जिभेसारखं लागतं. असल्या डबीत कुंकू भरलं तर निम्मं कुंकू भिंतीलाच अडकून राहील.

यावर जुन्या लोकांची जी युक्ती होती ती मला आजही फार शहाणपणाची वाटते. काठाकडून मधे यायचं नाही. मधून काठाकडे जायचं. का, ते पुन्हा जुडीवर बघा. पोट खणलं की मधले हीर आखूड झालेले असतात आणि काठाकडचे उंच. तुम्ही मधून बाहेर निघालात तर जो हीर कापताय त्याच्या पाठीशी त्याच्यापेक्षा उंच शेजारी उभा असतो. तो त्याला वाकू देत नाही आणि टोक स्वच्छ तुटतं. उलट काठावरून मधे आलात तर हिराच्या पुढ्यात खड्डा. टेकायला कोणी नाही. तो त्या खड्ड्यात कलंडतो आणि जाताना मुळाशी फाडून जातो. काकी एका वाक्यात सांगायची, "हिराक पाठीराखो व्हयो."

गंमत अशी की काठवटीला नेमकं उलट. काठवट आडव्या लाकडाची, तिच्यात धागे तळाला समांतर पडलेले असतात. तिथे काठाकडून तळाकडे उतरायचं. एकच सुतार सकाळी काठवट तासून दुपारी करंड्याला बसला तर त्याला आपला हातच उलटा करावा लागतो. मेस्त्रीकाका म्हणून एका दिवशी दोन्ही कामं घेत नसत. लोकांना वाटायचं म्हातारा आळशी आहे.

अगदी मधल्या बिंदूचं आणखी एक त्रांगडं. लाकूड कितीही जोरात फिरो, बरोबर मधला बिंदू जागेवरच असतो. जात्याची मधली खुंटी बघा, जातं फिरतं पण ती जागची हलत नाही. तिथे हत्यार कापत नाही, नुसतं रेटतं. म्हणून पहिल्यांदा गिरमिटाने मधोमध भोक पाडायचं. जेवढं पोट हवं त्याहून बोटाच्या पेरभर कमी. गिरमिटाला त्या मापावर सुताचा दोरा बांधलेला. भोक पडलं की त्यात आकडी घालायची आणि भोकाच्या कडेपासून बाहेर बाहेर जायचं. आकडी म्हणजे हातभर दांड्याचं हत्यार, टोकाला छोट्या कोयत्यासारखं वळलेलं, धार वळणाच्या आतल्या अंगाला. ती बाजारात मिळत नसे. जुन्या कानशीचं लोखंड लोहाराकडून वळवून आणायचं आणि धार आपण लावायची. दांडा लांब का, तर पात आत खोल जाते तेव्हा टेकू लांब राहतो आणि टोकाला बसलेला हिसका सगळा हातावर येतो. म्हणून दांड्याचं मागचं टोक काखेत.

लाकडाची निवड म्हणजे अर्धं काम. पांगारा मऊ, हलका, खेळण्याला उत्तम, पण त्याच्या तोंडाच्या बाजूने पोट कोरायला गेलं तर स्पंजासारखा दबतो, धार अगदी वस्तऱ्यासारखी पाहिजे. करंड्याला मेस्त्रीकाका शिवण घेत किंवा काळा कुडा. काळा कुडा हस्तिदंतासारखा पांढरा आणि बारीक धाग्याचा. कर्नाटकात चन्नपट्टणची खेळणी होतात तीही याच झाडाच्या लाकडाची. ओंडका आणला की त्याच्या दोन्ही तोंडांना शेण लिंपून सावलीत ठेवायचं. पाणी तोंडातून लवकर उडतं आणि तडे तिथूनच सुरू होतात. नंतर ओंडका उभा फोडून चार भाग करायचे आणि झाडाची मधली नाडी टाळून तुकडा घ्यायचा. नाडी करंड्याच्या तळाशी आली तर आज ना उद्या तिथून चांदणीसारखे तडे जाणारच.

आणि लाकूड पुरतं सुकूही द्यायचं नाही. आंबटओलं असताना पोट कोरून ठेवायचं, भिंत जाड राखून. पंधरा-वीस दिवस ते फळीवर पडून आपलं आपलं वाकडं होतं. मग पुन्हा खोबणीत ठोकून शेवटची कात. बाहेरून लाखेची कांडी फिरत्या लाकडावर टेकवायची. घासण्याच्या गरमीने लाख वितळून बसते आणि केवड्याच्या पानाने तिला चकाकी आणायची. केवडा आमच्याकडे वहाळाच्या काठाला लागेल तेवढा. आत लाख नाही. कुंकू कोरडं राहायला आत नुसतं लाकूडच बरं, असं मेस्त्रीकाकांचं मत.

हे सगळं मी इथे ओळीने लिहिलं, पण मला कोणी ओळीने सांगितलं नव्हतं. मेस्त्रीकाका बोलायचेच नाहीत. माझ्या हातातून आकडी काढून घेत, दोन कात मारून दाखवत आणि परत देत. विचारलं की म्हणत, "बघ." दोन हिवाळे मी बघितलं. लाटणी, पाळण्याचे दांडे, भोवरे यांवर हात बसला. पोकळ काम शिकणाऱ्याच्या पहिल्या डब्या चुलीतच जातात, तशा माझ्याही गेल्या. पेज त्यांच्यावर चांगली शिजली असं काकी म्हणाली.

तिसऱ्या वर्षी, १९७८ च्या डिसेंबरात मेस्त्रीकाका गेले. ताप आला आणि आठवड्यात संपलं. खोपीत फळीवर बेचाळीस करंडे अर्धे कातलेले, पोट कोरलेले, शेवटची कात राहिलेले. आणखी साठेक तुकडे नुसते तासून ठेवलेले. एका दुकानदाराची शंभराची मागणी होती, माघातल्या लग्नांसाठी, आणि त्याच्याकडून आगाऊ पैसे घेतले होते. ते पैसे औषधात गेले.

काकीचं कुंकू पुसलं. त्या वेळी जसं करायचे तसं सगळं केलं, बायकांनीच केलं. तिचा स्वतःचा करंडा, जो मेस्त्रीकाकांनीच लग्नात कातून दिला होता, तो कोणीतरी नदीत सोडला. तेरावं झालं. चौदाव्या दिवशी सकाळी मी खोपीत गेलो ते हत्यारं झाकून ठेवायला. बघतो तर काकी पाटावर बसलेली, दोर हातात. म्हणाली, "बस."

मी म्हटलं, काकी, पोकळ काम मला येत नाही. लाटणी सांगा, करून देतो.

"तुका येना नाय, माका ठावक असा. बस."

तिने हत्यार कधी धरलं नव्हतं. बाईमाणसाने धरायचं नाही अशी रीत. पण ती तीस वर्षं त्या दोराला धरून होती आणि दोर दांड्याला, दांडा लाकडाला, लाकूड आकडीला. आकडी आत काय करते ते मेस्त्रीकाकांना हातात कळायचं, तिला दोरात. मला हे तोपर्यंत कधी सुचलं नव्हतं. ती माझ्याकडे बघतही नसे. बाहेर अंगणात कोंबड्या फिरायच्या तिकडे बघत दोर ओढायची आणि तिकडेच बघत सांगायची. "मदी काय नाय. मदल्यासून भायर जा." "आता हळू, भित इली." "थांब." थांब म्हणाली की मी थांबायचो आणि आकडी बाहेर काढून बघायचो, तर धारेवर एक चिपळी अडकलेली. आणखी अर्धा फेरा गेला असता तर आकडी लाकडात खुपसली असती आणि करंडा खोबणीतून उडून छपराला लागला असता.

पुढे मी तिला खोदून खोदून विचारलं की कसं कळतं. तिचं सांगणं असं होतं. आकडी मधे असते तेव्हा दोर हलका. जशी बाहेर सरकते तसा दोर जड होत जातो, कापणं तेवढंच असलं तरी. हे खरं आहे. जात्याचा खुंटा मधल्या खुंटीजवळ बसवला तर पीठ दळताना हात भरून येतो, कडेला बसवला तर जातं सोपं फिरतं, त्याचीच ही उलटी बाजू. मधल्यापासून जितकं लांब कापाल तितकी दांड्याला अडवणूक जास्त. म्हणजे दोराच्या जडपणावरून आकडी भिंतीपासून किती लांब आहे ते तिला कळायचं. दोर जड होण्याऐवजी थरथरला तर धार गेली. धक्के देऊन जड झाला तर धागे कापत नाहीत, उपटतायत. आणि तळ पातळ होत आला की दोरातून नाही, आवाजातून कळायचं, घुमल्यासारखं.

तिने आणखी एक सांगितलं, ते हसत. आकडी भिंतीजवळ आली की ती ओढ आखूड करायची आणि थोडी सैल सोडायची. लाकूड हळू फिरायचं, कात बारीक लागायची. "तेंका वाटायचा आकडी आज बरी चलता."

शंभर करंडे आम्ही माघापर्यंत पुरे केले. बेचाळीसांना शेवटची कात, उरलेले पहिल्यापासून. त्यांतल्या पहिल्या पंधरा-वीसांचं आतलं अंग मेस्त्रीकाकांसारखं नव्हतं, नंतरच्यांचं बरंच जवळ होतं. मधल्या काळात गावात बोलणं सुरू झालं. विधवेचा हात लागलेला करंडा सवाष्णीच्या घरी कसा द्यायचा? दुकानदारापर्यंत ते गेलं. तो स्वतः आला, खोपीच्या बाहेर उभा राहिला आणि इकडचं तिकडचं बोलून शेवटी मुद्द्यावर आला. काकीने दोर सोडला नाही. म्हणाली, "हात माझो दोराक लागता. करंड्याक नाय."

तो काही बोलला नाही. माल घेतला, पण करंड्यामागे आठ आणे कमी दिले आणि मला सांगितलं की पुढच्या वेळी तू एकटाच घेऊन ये. काकीला मी आठ आण्यांचं सांगितलं. तिने हिशेब करून आगाऊ रकमेतून काय उरतं ते बघितलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोराला बसली. त्यानंतर पाच हिवाळे आम्ही दोघांनी काम केलं. मधे १९८१ साली मे महिन्यात रत्नागिरीतून फुटून आमचा सिंधुदुर्ग जिल्हा झाला. एकदा कारागिरांची यादी करायला माणसं आली. त्यांनी माझं नाव लिहिलं, वय लिहिलं, हत्यारं मोजली. मी म्हटलं, काकींचंही लिहा. त्यांनी विचारलं, या काय करतात? मी म्हटलं, दोर ओढतात. त्यातल्या एकाने मान हलवली आणि कागदावर काही लिहिलं. ते नाव नव्हतं, कारण यादी आली तेव्हा त्यात मी एकटाच होतो.

१९८४ मध्ये मी अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर बसवली. काकीचे खांदे गेले होते, दुसरा उपाय नव्हता. मोटर चांगली की वाईट यावर मी वाद घालत नाही. लाकूड एकाच दिशेला फिरतं, हत्यार मागे घ्यावं लागत नाही, दिवसाला तिप्पट माल निघतो. पण मोटर जड झालेली कोणाला सांगत नाही. ती नुसती रेटते. सुकं लाकूड असेल तर पोटाचा तळ घासून गरम होतो आणि थंड झाला की तडकतो. आकडी खुपसली तर दोर ओढणारा माणूस आपोआप थांबतो, मोटर करंडा हातावर फेकते. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख वाकडं आहे ते त्यामुळे. मोटर आल्यावर काकी काही दिवस सवयीने पाटावर येऊन बसायची आणि आवाजावरून सांगायची. मोटरच्या घरघरीत तिला ऐकू येईना, मग यायची बंद झाली.

एकात एक बसणाऱ्या डब्यांचं वेड माणसाला फार जुनं आहे. नालासोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला, तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा निघाला. ते अवशेष मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहेत. माझा मुलगा मुंबईत नोकरीला लागला तेव्हा त्याने मला त्याबद्दलचं वाचायला आणून दिलं. लेखात त्यांना करंडकच म्हटलं होतं. तो शब्द वाचून मला काकीच्या फळीवरचे बेचाळीस आठवले. आणि रशियाची ती बाहुलीत बाहुली, मात्र्योश्का, ती तर पुरी आमच्याच जातीचं काम. लिंडेनचं लाकूड, तोंडाच्या बाजूने कोरलेलं पोट. ती काही फार पुरातन नाही, १८९० नंतरची, मॉस्कोची. सर्गेई माल्यूतिन या चित्रकाराने ती रंगवली असं सगळीकडे वाचायला मिळतं. कातली व्हासिली झ्व्योझ्दोच्किन या काताऱ्याने. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात तिला पदक मिळालं. सगळ्यांत आतली, सगळ्यांत छोटी बाहुली भरीव असते आणि ती आधी कातायची, मग तिच्या मापाने पुढची. या झ्व्योझ्दोच्किनसमोर दोर कोणी ओढत होतं की त्याचं यंत्र पायाने चालत होतं, हे मी जिथे वाचलं तिथे लिहिलेलं नव्हतं. मी मात्र पहिलं तेच शोधलं.

करंडा कोणी मारला? प्लॅस्टिकने, असं लोक म्हणतात, आणि ते अर्धं खरं आहे. प्लॅस्टिकची डबी स्वस्त होतीच, पण माझ्या मते करंडा टिकलीने मारला. पाकिटातून सोलून कपाळाला चिकटवायची टिकली आली तेव्हा मेणही गेलं, पूडही गेली, मग दोन खणांचं पोट कशाला? १९९० नंतर माझ्याकडे करंड्याची मागणी लग्नाच्या रुखवतापुरती राहिली, तीही शोभेला. मांडायची वस्तू आतून खरखरीत असली तरी कोण बोट घालून बघतो? दुकानं मग म्हणू लागली, फळं द्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पुरी सुरू झाली, पाहुणे वाढले, फळं आणखी वाढली. त्यात कोणाचं वाईट झालं नाही, पुष्कळ घरं चालली. पोकळ काम येणारी माणसं मात्र भरीव कामाला लागली आणि त्यांच्या मुलांनी आकडी पाहिलीच नाही. मधे पांगाऱ्याच्याही कोवळ्या पानांवर, देठांवर गाठी यायला लागल्या, झाडं खुरटली, ते वेगळं.

काकी २००३ मध्ये गेली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. पेपरात ते वाचलं तेव्हा मी भाताच्या तरव्यासाठी जमीन भाजून आलो होतो. आमच्या गावात तसा ठराव झालेला नाही. काही घरांतून आपणहून बंद झालंय, काहींत नाही.

हल्ली माझ्या पुतण्याची मुलगी कातायला येते. कॉलेज करते, शनिवारी-रविवारी येते. तिला मोटर आधी दिली नाही. जुने दोन खांब मी ठेवले होते, दोर नवा आणला. पहिला महिना तिने नुसता दोर ओढला आणि मी आकडी धरली. कंटाळली, पण टिकली. एक दिवस मी मुद्दाम बोथट आकडी लावली, काही न बोलता. चार फेरे झाले आणि ती म्हणाली, "आजो, ह्या थरथरता कित्या?"

मग मी तिच्या हातात आकडी दिली आणि दोराला मी बसलो. माझेही खांदे आता दुखतात, तासाभराच्या वर जमत नाही. शिवणीच्या तुकड्यात तीन बोटं खोल पोट तिला जमायला लागलंय, आतलं अंग बऱ्यापैकी गुळगुळीत. कुंकू ती लावत नाही. कानातल्या कुड्या ठेवीन म्हणते. झाकणाला अजून हात घातलेला नाही, ते पावसाळ्यानंतर. ओल्या हवेत बसवलेलं झाकण दिवाळी झाली की एकतर डगडगतं, नाहीतर असं अडकतं की उघडायला पटाशी घ्यावी लागते.